ठरलेला भाव आणि रास्त भाव

बाजारांत भाव ठरला, देणाऱ्यानें व घेणाऱ्यानें तो मान्य केला, पैसे चुकते झाले, म्हणजे तो व्यवहार न्यायाचा झाला काय? प्रश्न दिसावयास सोपा आहे, आणि पुष्कळ सज्जन माणसें त्याचें उत्तर तत्काळ "होय" असेंच देतील. कोणी कोणास लुबाडलें नाहीं, खोटें माप वापरलें नाहीं, दिलेला शब्द मोडला नाहीं. मग दोष तो कोठें राहिला? मीही पुष्कळ वर्षें असेंच समजत होतों. परंतु गेल्या हिंवाळ्यांत एका लहानशा गोष्टीनें माझ्या या समजुतीस धक्का बसला. ती गोष्ट प्रथम सांगतों.

शिरूरचा आठवड्याचा बाजार उठावयास आला होता. घोड नदीपलीकडच्या एका गांवाहून आलेली एक म्हातारी मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. तिनें जुडीस दहा रुपये सांगितले. मीं मेथी कोमेजली आहे, जुडी बारीक आहे, असे दोष काढून सहा जुड्या पंचवीस रुपयांस मागितल्या. ती क्षणभर आभाळाकडे पाहून म्हणाली, "न्या दादा. अंधार पडाया लागलाय, परत कुठं वागवत नेऊ?" घरीं येऊन मीं ही आपली हुषारी मोठ्या आनंदानें सांगितली. माझी पत्नी मेथी निवडतां निवडतां इतकेंच म्हणाली, "अहो, तिला गाडीभाडं तरी सुटलं असेल का?"

मला उत्तर देतां आलें नाहीं. बियाणें, पाणी, खुरपणी, पहांटे उपटून जुड्या बांधण्याची मेहनत, येण्याजाण्याचें भाडें व बाजारची पावती, हा हिशेब मीं मनांत मांडून पाहिला, तेव्हां पंचवीस रुपयांत काय उरलें असेल हें सांगावयास पंडिताची गरज नव्हती. म्हातारीनें होकार दिला होता, हें खरें; पण तो होकार तिच्या मनानें दिला नव्हता, मावळत्या दिवसानें तिच्याकडून वदविला होता. आपल्या पवित्र शास्त्रांतील नीतिसूत्रांत घेतांना मालास नांवें ठेवणाऱ्या व वाटेस लागल्यावर बढाई मारणाऱ्या गिऱ्हाइकाचा उल्लेख आहे. तें वचन मीं अनेकदां वाचलें होतें. पण तें गिऱ्हाईक आपणच आहों, असें मला पूर्वीं कधीं वाटलें नव्हतें.

प्रिय वाचकहो, हा प्रश्न आपल्या शिरूर व दौंड या तालुक्यांस नवा नाहीं. फार वर्षांपूर्वीं याच मातींत तो मोठ्या आवाजांत विचारला गेला आहे. इसवी सन १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें, तेव्हां विलायतेंतील गिरण्यांस तिकडचा कापूस मिळेना. म्हणून इकडच्या कापसास चढा भाव आला व सावकार कुणब्यास सढळ हातानें कर्ज देऊं लागले. युद्ध संपलें, भाव कोसळला, सावकारानें हात आखडता घेतला, आणि त्याच सुमारास नव्या आकारणीनें सरकारी साराही वाढला. कुणबी कर्जांत बुडाला. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें खत तीन वर्षेंच चालावें असें ठरविलें होतें. व्याज सांठूं नये हा त्यांतील हेतु होता. पण झालें उलटें. दर तीन वर्षांनीं सावकार थकलेलें व्याज मुदलांत घालून नवें खत लिहवून घेई, आणि ज्यास अक्षरही वाचतां येत नसे तो कुणबी त्यावर निशाणी करी.

१८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यांतील कर्डे या गांवीं एका देशमुखावर कर्जापायीं घरदार गमावण्याची वेळ आली. तेव्हां गांवकऱ्यांनीं एकी केली. सावकाराच्या दुकानांतून कोणी माल घेईना, त्याचें शेत कोणी कसेना. न्हावी, परीट, सुतार यांनींही त्याचें काम सोडलें. ही बहिष्काराची रीति गांवोगांव पसरली. पुढील वर्षीं, म्हणजे १२ मे १८७५ रोजीं, सुपें या बाजारपेठेच्या गांवीं लोकांचा संयम सुटला. सुपें आज बारामती तालुक्यांत आहे. त्या काळीं तें भीमथडी तालुक्यांत होतें, व आजच्या दौंड तालुक्यांतील यवत, पाटस, केडगांव हा मुलूखही त्याच तालुक्यांत मोडत असे. सुप्यास सावकारांचीं दुकानें लुटलीं गेलीं, आणि खतें व वह्या यांची होळी झाली. मग तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पोहोंचलें. सावकारांच्या जिवावर लोक क्वचितच उठले. त्यांचा सारा रोख कागदावर होता.

लुटालूट व जाळपोळ यांचें समर्थन मी करीत नाहीं, व कोणीं करूंही नये. परंतु विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, जे कागद जळाले ते बहुधा रीतसरच होते. त्यांवर निशाण्या होत्या, साक्षी होत्या. व्यवहार ठरलेला होता. न्यायाचा मात्र नव्हता. सरकारनें चौकशीसाठीं कमिशन नेमलें, आणि १८७९ सालीं पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांकरितां दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांतील एक कलम मला फार मोलाचें वाटतें. खत पुढें ठेवलें म्हणजे कर्ज सिद्ध झालें असें न मानतां, न्यायाधीशानें त्या देवघेवीचा आरंभापासूनचा इतिहास तपासावा व हिशेब नव्यानें मांडावा, असें त्यांत ठरविलें. म्हणजे निशाणी झाली एवढ्यावरून न्याय झाला असें होत नाहीं, हें कायद्यानेंच कबूल केलें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. ठरलेल्या व्यवहारांत अन्याय शिरतो तो कोणत्या वाटेनें? माझ्या अल्प बुद्धीस असें दिसतें कीं, ज्यास थांबतां येत नाहीं त्याचा होकार नेहमीं स्वस्त मिळतो. सारा भरावयाचा आहे म्हणून कुणब्यास थांबतां आलें नाहीं. रात्र पडत होती म्हणून म्हातारीस थांबतां आलें नाहीं. समोरच्याचे पोट आपल्या बाजूनें बोलत असतें, आणि आपण त्यास स्वतःचें चातुर्य समजतों. म्हणून व्यवहाराची खरी कसोटी "तो होय म्हणाला काय?" ही नव्हे. "त्याला नाहीं म्हणतां आलें असतें काय?" ही आहे.

या कसोटीनें कांद्याचा बाजार पाहावा. १९२३ नव्हे, २०२३ सालच्या फेब्रुवारींतील गोष्ट आहे. बार्शी तालुक्यांतील एका शेतकऱ्यानें सोलापूरच्या बाजारांत ५१२ किलो कांदा नेला. भाव किलोस एक रुपया निघाला. गाडीभाडें, हमाली, तोलाई वजा जातां त्याच्या हातीं दोन रुपयांचा धनादेश पडला. येथें चोर कोण? लिलांव उघड झाला, कांटा खरा होता, प्रत्येक कपातीस आधार होता. तरीही कोणाच्या मनास हा व्यवहार न्यायाचा वाटणार नाहीं. गाडीवाल्यास भाडें मिळालें, हमालास हमाली मिळाली, आणि तें योग्यच झालें. तोटा मात्र सगळा एकट्या पिकविणाऱ्याच्या माथीं बसला, कारण नाशिवंत माल घेऊन परत जाण्याची सोय त्यालाच नव्हती. कोणीही दुष्ट नसतां अन्याय घडूं शकतो, ही गोष्ट यावरून शिकावी.

मग यावर उपाय आहे काय? जगांत कांहीं लोकांनीं तो शोधण्याचा यत्न केला आहे, व त्यांतील पुष्कळ जण आपल्यासारखेच साधे मंडळींतले लोक होते. १७९१ च्या सुमारास इंग्लंडांत हजारों कुटुंबांनीं वेस्ट इंडीज बेटांतील साखर खाणें सोडलें. ती साखर गुलामांच्या घामाची व रक्ताची आहे, असें त्यांना कळलें होतें. चहांत साखर न घालणाऱ्या त्या बायांच्या हातीं ना राज्य होतें ना मत. पण भांडें कशानें भरावें हें ठरविणें त्यांच्या हातीं होतें. १९४६ सालीं एडना रूथ बायलर या मेनोनाइट बाईनें पोर्टो रिको येथील गरीब स्त्रियांचें भरतकाम अमेरिकेंत नेलें आणि तें ओळखीपाळखींत विकून त्याचें मोल त्या स्त्रियांस पोंचविण्याचा उपक्रम आरंभिला. १९८८ सालीं हॉलंडांत मॅक्स हॅवेलार या नांवाचा शिक्का निघाला. कॉफी पिकविणाऱ्यास योग्य मोल मिळालें आहे, अशी ग्वाही त्या शिक्क्यानें गिऱ्हाइकास मिळूं लागली. यांतूनच पुढें न्याय्य व्यापाराची चळवळ वाढली. आपल्या विदर्भांतील कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांचे कांहीं गटही आज त्या व्यापारांत आहेत.

या व्यापाराचे नियम पाहिले म्हणजे माझें वरील म्हणणें अधिक स्पष्ट होईल. अनेक मालांस एक किमान भाव बांधलेला असतो; बाजार त्याखालीं गेला तरी पिकविणाऱ्याच्या संघास तो मिळतो. त्यावर आणखी कांहीं रक्कम दिली जाते, आणि तिचा विनियोग विहिरीसाठीं करावा कीं शाळेसाठीं, हें संघाचे सभासद आपसांत ठरवितात. मागणी असल्यास मालापूर्वींच कांहीं पैसे आगाऊ देण्याची सोय असते. वेठ व बालमजुरी यांस बंदी असते. या साऱ्याचा अर्थ एकच कीं, दुर्बळास थांबण्याची व "नाहीं" म्हणण्याची शक्ति यावी. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशास जें तंटा झाल्यावर करावयास सांगितलें, तेंच हे लोक तंटा होण्यापूर्वीं, माल घेतांनाच, स्वखुषीनें करतात. ते भावाच्या मागचा इतिहास विचारतात.

ही चळवळ मोठ्या शहरांतच शोभते असें मानण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांत लँकेशायर परगण्यांत गार्स्टँग नांवाचें एक लहानसें बाजारगांव आहे. तेथील कांहीं स्वयंसेवकांनीं दुकानदार, शाळा व ख्रिस्ती मंडळ्या यांच्याकडे घरोघर जाऊन विनवणी केली, आणि २००० सालीं त्या गांवानें आपणास न्याय्य व्यापाराचें गांव म्हणून जाहीर केलें. जगांतील असें तें पहिलें गांव. त्याच्यामागून अनेक देशांतील शेंकडों गांवांनीं हा कित्ता गिरविला. दर वर्षीं मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं जगांत न्याय्य व्यापाराचा दिवस पाळतात. मे महिन्याचा तोच आठवडा सुप्याच्या होळीचा आहे. त्या दिवशीं आपल्या दोन तालुक्यांतील मंडळ्यांनीं चार घटका या विषयास द्याव्या, हें मला अत्यंत उचित वाटतें.

परंतु उत्सव करण्याआधीं आपण आपल्या अंगणांत पाहावें. "रास्त" हा शब्द आपल्या गांवांत अपरिचित नाहीं. धान्याच्या सरकारी दुकानावर "रास्त भाव" ही पाटी असते; तेथें तो शब्द घेणाऱ्याच्या बाजूनें बोलतो. उसाचा दर निघाला म्हणजे "रास्त व किफायतशीर दर" असें आपण म्हणतों. तेथें तो पिकविणाऱ्याच्या बाजूनें बोलतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशांत २००९ सालीं दुरुस्ती होऊन हा दर आला, आणि ऊस पोहोंचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावे असा नियम आहे. पैसे थकले म्हणजे आपले बागाईतदार बांधव रस्त्यावर येतात, व त्यांत त्यांची चूक नाहीं.

पण ऊस तोडणारा तिसरा माणूस राहिला. दिवाळीच्या सुमारास बीड वगैरे जिल्ह्यांतून टोळ्या येतात. नवराबायकोची जोडी मिळून एक "कोयता" धरतात. फडाशेजारीं कोप्या घालून राहतात. मुकादमाकडून आधींच उचल घेतलेली असते, आणि टनावरची मजुरी तींत वळती होत जाते. आजारपणानें खाडा पडला तर तोही अंगावर चढतो. कित्येकदां हंगाम संपतो, पण उचल फिटत नाहीं, व बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर बसते. तीन वर्षांनीं नवें होणारें जुनें खत आणि वर्षावर्षानें नवी होणारी ही उचल, यांत किती अंतर आहे? उचलीसही त्या माणसाचा होकार असतोच. पण त्याला नाहीं म्हणतां आलें असतें काय? आपल्या उसास रास्त दर मागणाऱ्यानें आपला ऊस तोडणाऱ्याचा हिशेब एकदां विचारावा. तसेंच आपल्या शेतांत खुरपणीस येणाऱ्या बाईस गड्यापेक्षां कमी रोज कां, हेंही विचारावें. जो दुसऱ्याच्या बाजारांत न्याय मागतो व आपल्या बांधावर तो देत नाहीं, त्याची मागणी लंगडी आहे.

येथें कोणी तीन आक्षेप घेतील. पहिला असा: "पाळकसाहेब, आम्ही स्वतः गरीब. आम्हीं दोन रुपये जास्त दिले तर आमचें कोण भरून देणार?" हें बोलणें खरें आहे, आणि तें हंसण्यावारी नेऊं नये. ज्याच्या घरीं संध्याकाळचें पीठ नाहीं, त्याच्यावर मी हा भार घालीत नाहीं. परंतु आपण घासाघीस कोणाशीं करतों तें पाहा. पेठेंतील दुकानांत पुडीवर छापलेली किंमत आपण मुकाट्यानें देतों. सगळी जीभ चालते ती पाटी घेऊन बसलेल्या बाईपुढें. जेथें बळ आहे तेथें गप्प, आणि जेथें दुर्बळपणा आहे तेथें हुषार, याला काटकसर म्हणतां येत नाहीं.

दुसरा आक्षेप: "अधिक देणें म्हणजे भिक्षाच नव्हे काय?" नव्हे. तसें मानून दिलें तर घेणाऱ्याचा अपमान होतो व देणाऱ्यास गर्व चढतो. मेथीचे योग्य मोल देऊन मीं म्हातारीवर उपकार केला नसता. मोलापेक्षां कमी देऊन मींच तिच्या मेहनतीचा कांहीं भाग फुकट घेतला. म्हणून तें वरचें मोल देणगी नव्हे, देणें आहे.

तिसरा आक्षेप शिक्क्याविषयीं आहे: "शिक्का मिळविण्यास खर्च लागतो, लहान शेतकऱ्यास तो झेपत नाहीं, आणि शिक्का असला म्हणजे सर्व पैसा मजुरापर्यंत पोहोंचतोच असें कोठें आहे?" हा आक्षेप मी मान्य करतों. शिक्का ही दूरच्या गिऱ्हाइकाची काठी आहे. त्याला शेत दिसत नाहीं म्हणून ती लागते. आपणांस ती नको. आपल्या बाजारांत पिकविणारा समोर बसलेला असतो, आणि ऊस तोडणाऱ्याची कोपी आपल्या विहिरीवरून दिसते. आपणांस उणीव आहे ती विचारणाऱ्या तोंडाची.

म्हणून प्रत्येक मंडळींत चारपांच स्वयंसेवक निघावे, अशी माझी सूचना आहे. फार मोठें कार्य त्यांनीं आरंभूं नये. मंडळीच्या जेवणावळीस व सणास लागणारा गूळ, कांदा, भाजी हीं त्यांनीं शक्य तेव्हां थेट पिकविणाऱ्याकडून घ्यावीं, मोल आधीं बोलून घ्यावें आणि पैसे त्याच दिवशीं रोख द्यावे. उधारी हाही दुर्बळावर बसविलेला करच आहे. गूळ घेतांना गुऱ्हाळावरील मजुरांस रोज वेळेवर मिळतो काय, हें मालकास आदरानें विचारावें. तोडणीच्या दिवसांत कोप्यांतील मजुरांच्या उचलीचा, टनांचा व खाड्यांचा हिशेब शाळेंत शिकलेल्या आपल्या मुलांनीं त्यांना वहींत लिहून द्यावा. लिहिलेला हिशेब हातीं असला म्हणजे माणसाचें बोलणें कांहींसें ताठ होतें. एकोणिसाव्या शतकांतील कुणब्यास वाचतां येत नव्हतें, तेथेंच त्याचा घात झाला. उपदेशक बंधूंनीं हे विषय सभेंत काढावे, परंतु कोणाचें नांव घेऊन त्यास लाजवूं नये. प्रत्येकानें आपापल्या व्यवहारापासून आरंभ करावा. कर्ड्याच्या लोकांनीं एकी करून अन्यायाकडे पाठ फिरविली, हें पहिलें पाऊल होतें. न्यायाचा व्यवहार स्वतः करून दाखविणें हें त्यापुढचें पाऊल आहे, आणि तें राहून गेल्यामुळेंच सुप्यास आग लागली, असें मला वाटतें.

त्या म्हातारीस शोधावयास मी पुढील बाजारीं गेलों होतों. ती दिसली नाहीं. त्यानंतरही दिसली नाहीं. दुसऱ्या एका बाईकडून मीं सांगितल्या भावानें मेथी घेतली, पण त्यानें पहिलें देणें फिटलें असें मी म्हणत नाहीं. ज्याचें देणें त्यालाच पोहोंचावें लागतें, आणि बाजार उठल्यावर माणसें पुन्हां सांपडत नाहींत. यास्तव, प्रिय बंधुभगिनींनो, भाव ठरवितांना, माणूस समोर बसला आहे तोंवरच, आपण स्वतःस तो एक प्रश्न विचारीत जावा.